आर्मरेस्टच्या फासळ्या : साइड इम्पॅक्ट चाचणीतलं एक प्रकरण

शोरूममध्ये गाडी बघायला आलेली माणसं दोन गोष्टी हमखास करतात. दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबून बघतात आणि दार आपटून कान देतात. ‘धप्प’ असा भरीव आवाज आला की मान डोलते. माझे मामा तर पत्रा जरा दबला की सेल्समनच्या तोंडावर “डबा आहे” म्हणून मोकळे होतात. तो ‘धप्प’ आवाज दाराच्या रबरांचा, लॉकचा आणि पत्र्याला आतून चिकटवलेल्या बिटुमेनच्या पट्ट्यांचा असतो. बाजूने धडक बसते तेव्हा बाहेरचा तो पत्रा जवळपास काहीच काम करत नाही. मामांना हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलं.

ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात गोष्ट पत्र्याची नव्हती, पोलादाचीही नव्हती. प्लास्टिकची होती, आणि दोष म्हणाल तर ते प्लास्टिक जास्त मजबूत झालं होतं हाच.

मी पुण्याच्या परिसरातल्या एका गाडी बनवणाऱ्या कंपनीत सुरक्षा चाचण्यांच्या टीममध्ये होतो. कंपनीचं, मॉडेलचं, सप्लायरचं नाव देणार नाही. आमच्या डमीने, म्हणजे गाडीत बसवायच्या सेन्सर लावलेल्या पुतळ्याने, दाखवलेले नेमके आकडेही देणार नाही, तसा करार आहे. मर्यादेच्या वर गेला की खाली राहिला एवढंच सांगेन. मर्यादा मात्र जाहीर आहेत.

धडक कशी देतात

आपल्याकडे बाजूच्या धडकेचं मानक आहे एआयएस-०९९. संयुक्त राष्ट्रांच्या ९५ क्रमांकाच्या नियमावर ते बेतलेलं आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना ते लागू झालं आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही. युरोपात हे १९९० च्या दशकातच आलं होतं. आपण वीसेक वर्षं मागे होतो, आणि त्या वीस वर्षांत विकलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

चाचणी दिसायला अगदी साधी. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. तिच्या उजव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, ९५० किलोची ट्रॉली काटकोनात ताशी ५० किलोमीटरने येऊन धडकते. ट्रॉलीच्या तोंडावर अॅल्युमिनियमच्या हनीकॉम्बचे सहा ठोकळे असतात, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. एकूण रुंदी दीड मीटर, उंची अर्धा मीटर, खालची कड जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर. हे ठोकळे समोरच्या गाडीच्या नाकाचं सोंग घेतात. ट्रॉलीचा मध्य ड्रायव्हरच्या सीटच्या ठरलेल्या बिंदूवर आणायचा, आणि तोही २५ मिलिमीटर इकडेतिकडे एवढ्याच फरकाने.

आत डमी बसतो तो ईएस-२. वजन साधारण ७२ किलो. बरगड्यांचे तीन संच, पोटात तीन सेन्सर, ओटीपोटाच्या हाडाशी एक. आम्ही त्याला ‘पाहुणा’ म्हणायचो, कारण त्याचे लाडच तसे. धडकेआधी कित्येक तास त्याला १८ ते २६ अंशांत ठेवावं लागतं, नाहीतर त्याच्या रबराची आणि फोमची चाल बदलते. एप्रिलमध्ये बाहेर चाळिशीच्या आसपास पारा, आम्ही घामाघूम, आणि पाहुणा एसीत.

निकाल बघताना डोक्याच्या इजेचा निर्देशांक १००० च्या आत हवा. बरगडी ४२ मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. पोटावरचं बल अडीच किलोन्यूटनच्या आत, ओटीपोटाच्या हाडावरचं सहाच्या आत. धडकेत कुठलंही दार उघडता कामा नये, आणि नंतर डमी बाहेर काढायला हत्यारं लागता कामा नयेत.

यातले पोट आणि ओटीपोटाचे आकडे शेजारी ठेवून बघा. ओटीपोटाचं हाड सहा सोसतं, पोट अडीच. अडीच किलोन्यूटन म्हणजे साधारण अडीचशे किलोचा भार. खुब्याशी मोठी हाडं आहेत, पोटाला हाडाचा आधारच नाही. आणखी एक गोष्ट आहे जी मानकात कुठे लिहिलेली नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे दार आदळतं ते त्याच्या उजव्या कुशीवर, आणि यकृत त्याच बाजूला असतं. फ्रान्स-जर्मनीतल्या ड्रायव्हरची डावी कूस पुढे येते, तिथे प्लीहा. डमीला हे काही माहीत नसतं, तो दोन्हीकडून सारखाच.

जागाच नसते

समोरून धडक बसली तर माणसाच्या पुढे बंपर, बॉनेट, इंजिन असं चांगलं अर्धा-पाऊण मीटर चुरगळायला असतं. बाजूला दाराची जाडी आणि दार-माणसामधली पोकळी धरून वीत-दीड वीत. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, म्हणजे ट्रॉली एका मिलिसेकंदात जवळपास १४ मिलिमीटर पुढे सरकते. डोळ्याचं पातं लवायच्या आत दार माणसाला भिडून माणूस पलीकडे ढकललाही गेलेला असतो. सीटबेल्ट लावलेला असतो, लावायलाच हवा, पण आदळणाऱ्या बाजूच्या माणसाला या धडकेत तो फारसं काही देत नाही.

म्हणून बाजूच्या संरक्षणात सगळा खेळ आहे तो त्या वीतभर जागेचा खर्च कसा करायचा याचा. बी-पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला खांब, वरच्या भागात अत्यंत कडक पोलादाचा करतात. पोलाद लालबुंद तापवून डायमध्येच दाबतात आणि तिथेच थंड करतात, त्याने ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते. पण कित्येक गाड्यांत त्याच खांबाचं पायथ्याचं टोक मुद्दाम नरम ठेवतात. हेतू असा की खांब वरून टांगलेल्या झोपाळ्यासारखा वागावा. वर डोकं-छातीपाशी कमी आत यावा, खाली कमरेपाशी जास्त. आत येणं टळत नाहीच, तर निदान आधी कमरेला भेटावं, ती सोसते. कमरेला लवकर धक्का बसला की माणूस आतल्या बाजूला सरकायला लागतो, आणि मग छाती-पोटापर्यंत दार पोचेपर्यंत दोघांच्या वेगातला फरक कमी झालेला असतो. याच कामासाठी दाराच्या आत, कमरेच्या उंचीवर, फोमचा एक ठोकळा बसवतात. कमरेला आधीच ढकलून द्यायला.

आमच्या गाडीत हे सगळं होतं. दोन-अडीच वर्षांपूर्वी ती मानकाच्या चाचणीत व्यवस्थित पास झालेली होती.

तो दिवस

गाडीचं फेसलिफ्ट येणार होतं. दिवे नवे, बंपर नवे, डॅशबोर्ड नवा, पुढच्या सीट नव्या. सांगाडा तोच. सीट बदलली म्हणून स्वतःच्या खात्रीसाठी बाजूची चाचणी पुन्हा करायचं ठरलं. खरं सांगायचं तर कुणालाच त्यात रस नव्हता. समोरच्या धडकेची चाचणी पुढच्या आठवड्यात होती, सगळ्यांचं लक्ष तिकडे. मीसुद्धा चहा घेऊन काउंटडाउनच्या ऐन वेळी आलो.

धडक झाली. हॉलमध्ये ती ऐकणं वेगळंच असतं. व्हिडिओत काच फुटल्याचा आवाज मोठा वाटतो. प्रत्यक्षात आधी पोटात एक धक्का जाणवतो आणि काच नंतर कानावर येते. दारं बंदच राहिली. गळती नाही. गाडीभोवती फिरून सगळे म्हणाले, छान. कॉम्प्युटरवर आकडे उतरायला थोडा वेळ लागतो. डोकं हिरवं, तिन्ही बरगड्या हिरव्या, ओटीपोट हिरवं, आणि पोट लाल. किंचितसं नाही, सरळ मर्यादेच्या पलीकडे.

पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं ते कुठलीही टीम करते. आपला भाग सोडून बाकी सगळ्यांवर संशय. पहिला संशय डमीवर. त्याच्या पोटाची कॅलिब्रेशनची नोंद काढली, चोख होती. मग ट्रॉलीचा वेग, हनीकॉम्बचा बॅच, आदळण्याची जागा. सगळं मर्यादेत. मग सांगाड्यावर. मोजमापाचा हात लावून बी-पिलर किती आत आला ते बिंदूबिंदूने मोजलं आणि जुन्या चाचणीच्या आकड्यांवर ठेवलं, तर रेषा एकीवर एक बसत होत्या. वेल्ड सुटलेले नाहीत. दारातला बीम, म्हणजे आतला आडवा पोलादी दांडा, जसा वाकायला हवा तसाच वाकलेला.

सिम्युलेशनवाला, म्हणजे हीच धडक कॉम्प्युटरवर गणिताने करून बघणारा, मुलगा हुशार आणि थोडा हट्टी. तो स्क्रीन आमच्याकडे फिरवून म्हणाला, “सर, माझ्याकडे पोट हिरवंच आहे. नवी सीट घालूनसुद्धा हिरवं आहे.” त्याच्या सुरात ‘चूक गाडीची आहे’ असं काहीतरी होतं. गंमत म्हणजे ते अक्षरशः खरं निघालं. त्याचं गणित बरोबर होतं. गणितातली गाडी आणि हॉलमधली गाडी एक नव्हत्या.

हिरवा डाग

धडकेआधी डमीच्या अंगाला रंग लावतात. डोक्याला एक, खांद्याला दुसरा, बरगड्यांना तिसरा, कमरेला आणखी एक. कुठला अवयव गाडीत कुठे आदळला हे नंतर रंगावरून कळतं. सेकंदाला हजार फ्रेम टिपणारा कॅमेरासुद्धा दार आणि डमी यांच्या फटीत डोकावू शकत नाही, रंग मात्र तिथपर्यंत पोचतो. आम्ही पोटाला हिरवा लावला होता.

दार उतरवून टेबलावर ठेवलं तेव्हा हिरव्या रंगाचा डाग होता तो आर्मरेस्टच्या, म्हणजे दारावरच्या कोपर टेकवायच्या जागेच्या, पुढच्या कडेवर. पसरट नव्हता, बारीक आणि लांबट, सुरीच्या पात्यासारखा. जुन्या चाचणीचे फोटो काढले. तिथे हिरवा डाग दाराच्या कापडावर हातभर फराटलेला, आणि आर्मरेस्ट मोडून दाराला चपटा झालेला. या वेळी आर्मरेस्ट मोडलाच नव्हता. सगळं दार चेचलेलं आणि हा पठ्ठ्या शाबूत.

आमच्यातल्या कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “काय क्वालिटी आहे.” आणि मग टेबलाभोवती एकदम शांतता झाली.

उलटा करून बघितला. आर्मरेस्ट म्हणजे वरून कापडी आवरण घातलेलं, आतून पोकळ असं प्लास्टिकचं कवच, टाल्क घातलेल्या पॉलीप्रॉपिलीनचं. कवचाच्या आत उभ्या-आडव्या पातळ भिंती असतात, त्यांना सगळे ‘रिब’ म्हणतात, म्हणजे फासळ्याच. या फासळ्या ड्रॉइंगपेक्षा स्पष्टपणे जाड होत्या. स्टोअरमधून जुन्या बॅचचा एक तुकडा शोधून आणला आणि दोन्ही वजनकाट्यावर ठेवले. फरक पंधरा-सोळा ग्रॅमचा. पावशेर शेंगदाण्यात तेवढं इकडेतिकडे झालं तर कुणी बोलणार नाही.

भोसरी

आर्मरेस्ट ज्यांच्याकडे ओतला जायचा ते युनिट भोसरी एमआयडीसीत. दुपारी तिथे पोचलो. गाळा लहान पण टापटीप; मशीनशेजारी स्टूल, स्टुलावर कागदी रजिस्टर, आणि त्यात प्रत्येक शिफ्टला शॉटचं, म्हणजे साच्यातून एका वेळी निघणाऱ्या मालाचं, वजन पेनाने लिहिलेलं. मोठमोठ्या कंपन्यांत मी इतकी सलग नोंद पाहिलेली नाही. पानं मागे उलटत गेलो. एका तारखेला आकडा टुणकन वर उडी मारून तिथेच स्थिरावलेला. शेरा : ‘टूल करेक्शन नंतर’. टूल म्हणजे साचा.

टूलरूममधले काका साठीच्या पुढचे. पुण्यातल्या जुन्या मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून सुरुवात केलेली. मी तारीख दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

“साहेब, हात ठेवला की लपकतंय, किरकिर वाजतंय म्हणून तुमचाच क्वालिटीचा पोरगा आला होता. लाइन थांबेल म्हणाला. रात्रीतनं स्पार्क मारून फासळ्या जाड करून दिल्या. सकाळी शॉट काढला, दगड!”

“ड्रॉइंग बदललं होतं का, काका?”

“तो म्हणाला, डेव्हिएशन देतो. दिलंही त्यानं. फाइलला आहे.”

खरंच होतं. तात्पुरत्या सवलतीचा कागद, सहीशिक्क्यासह. कायमस्वरूपी बदलाची नोट कधी निघालीच नाही, म्हणून डिझाइनचं मॉडेल बदललं नाही, म्हणून सिम्युलेशनवाल्याच्या गाडीत जुन्याच पातळ फासळ्या राहिल्या.

कारागिराचं एक शास्त्र इथे समजून घेण्यासारखं आहे. प्लास्टिकचा भाग जाड करायचा तर मोल्डमधलं, म्हणजे साच्यातलं, लोखंड विजेच्या ठिणग्यांनी काढावं लागतं, ते सोपं. भाग पातळ करायचा तर लोखंड घालावं लागतं. वेल्ड करा, पुन्हा घासा, नाहीतर नवा इन्सर्ट, म्हणजे लोखंडाचा वेगळा तुकडा, बसवा. काकांच्या शब्दांत, “काढायला एक रात्र, घालायला जीव जातो.” दुसरं असं की फासळी कवचाच्या भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीची ठेवायचा दंडक आहे. जास्त जाड केली की बाहेरच्या पृष्ठभागावर खळगा उमटतो, सिंक मार्क, आणि तो तपासणीत लगेच पकडला जातो. पण आमच्या आर्मरेस्टवर कापड होतं. खळगा कापडाखाली झाकला गेला. उघडं प्लास्टिक असतं तर हा बदल पहिल्याच दिवशी परत आला असता.

ड्रॉइंगवर या भागाला सुरक्षेशी संबंधित असल्याचा शिक्का नव्हता. तो बेल्टच्या बोल्टवर असतो, लॉकवर असतो, बिजागरीवर असतो. हाताचं कोपर टेकवायच्या जागेवर कोण मारणार? मी स्वतः दोन मॉडेलांच्या यादीवर सह्या केल्या होत्या आणि मलाही सुचलं नव्हतं.

दोन बदल

इथपर्यंत सरळ वाटतं : फासळ्या जाड झाल्या, पोट लाल झालं. मग सगळ्यांना आठवलं की या जाड फासळ्यांच्या गाड्या गेले चार महिने विकल्या जात आहेत. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना नाशिक फाट्याला सिग्नलवर शेजारी आमचंच मॉडेल येऊन उभं राहिलं. पुढे बाई, मागे लहान मुलगी. मी ड्रायव्हरच्या दाराकडे बघत राहिलो, बाईंनी काच वर केली.

जुनी सीट आणि जाड फासळ्या, म्हणजे नेमकी जी गाडी लोकांच्या हातात होती ती, तातडीने धडकवायची ठरली. तयारीला दिवस गेले, कारण चाचणी म्हणजे एक अख्खी गाडी, ट्रॉलीचे हनीकॉम्बचे ठोकळे, पाहुण्याची पुन्हा तपासणी. निकाल आला : पोट मर्यादेच्या आत. पहिल्या मूळ गाडीपेक्षा वाईट, पण आत.

सीटच्या टीममधल्या मॅडमनी मग कोडं सोडवलं. लांबच्या प्रवासात मांड्या भरून येतात या तक्रारीवरून नव्या सीटचा फोम त्यांनी नरम केला होता. डमी त्यात साधारण एक सेंटीमीटर जास्त खाली रुतत होता. मानकाला ते चालतं, बसण्याच्या बिंदूला दोन्ही दिशांनी तेवढी मुभा आहे, त्यामुळे कुणाच्या तक्त्यात लाल खूण उमटली नाही. पण त्या एका सेंटीमीटरने आर्मरेस्टची कड कमरेच्या हाडाच्या वरून निसटली आणि बरोबर त्या मोकळ्या पट्ट्यात आली जिथे खाली कंबर नाही, वर बरगडी नाही. जुन्या सीटवर जाड आर्मरेस्टचा बराचसा मार कमरेने घेतला होता. नव्या सीटवर, फासळ्या पातळ असत्या तर आर्मरेस्ट मोडून गेला असता. सिम्युलेशन हेच दाखवत होतं. दोन्ही बदल लोकांच्या तक्रारीतून आलेले, दोन्ही चांगल्या हेतूने केलेले, दोन्ही एकेकटे निभावून जाणारे. एकाच गाडीत भेटले आणि सुरी तयार झाली.

बैठकीत प्रश्न आला तो अपेक्षितच होता : विकलेल्या गाड्या कायद्याने पास आहेत, मग आता काय? माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं. पास होणं म्हणजे एका वजनाच्या माणसाने, एका उंचीवर, एका वेगाच्या धडकेत निभावणं. आपल्या गाड्यांत बसणाऱ्या बायका या डमीपेक्षा सरासरीने लहान चणीच्या आणि त्यांची सीट पुढे ओढलेली. कड त्यांना कुठे लागेल हे आमच्याकडे मोजलेलं नव्हतं. ठरलं असं की चालू उत्पादनात लगेच जुन्या जाडीचा भाग परत आणायचा, आणि आधीच्या गाड्या सर्व्हिसला येतील तशा आर्मरेस्ट बदलून द्यायचा. मला हे जरा मिळमिळीत वाटलं, अजूनही वाटतं. निदान बदलला तरी.

किरकिर

पण जुनी जाडी परत आणली की किरकिरही परत येणार होती. इथे काकांचा दुसरा उपकार. त्यांनी दार मांडीवर आडवं घेतलं, कोपराने दाबलं, कान लावला, आणि म्हणाले आवाज लपकण्याचा नाहीच. आर्मरेस्टचं कवच आणि दाराचं मुख्य पॅनेल एकमेकांवर घासतायत, तिथे वाजतंय. फासळ्या जाड केल्याने घासणं थांबलं नव्हतं, कमी झालं होतं इतकंच. दोघांच्या मध्ये फेल्टची पट्टी चिकटवली. आवाज गेला. ही पट्टी चार महिन्यांपूर्वी सुचली असती तर हे प्रकरणच घडलं नसतं. क्वालिटीच्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यामागे लाइन थांबण्याची टांगती तलवार होती. त्याला ‘किरकिर’ दिसली आणि ‘कमकुवत’ असं त्याने वाचलं. माझे मामा पत्र्यावर अंगठा दाबून तेच वाचतात.

फेसलिफ्टसाठी मात्र नुसतं मागे जाणं पुरेसं नव्हतं, कारण आता डमी खाली बसत होता. शिवाय तोवर भारत एनसीएपी, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी आपली चाचणी योजना, सुरू झाली होती. घोषणा २२ ऑगस्ट २०२३ ची, अंमल त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून. त्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ गुण, निम्मे समोरच्या धडकेचे, निम्मे बाजूच्या. कायद्याला मर्यादेच्या आत असणं पुरतं, तिथे जितकं खाली राहाल तितके गुण. तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर शिवाय ताशी २९ किलोमीटरने गाडी आडवी नेऊन खांबावर आदळायची. त्या खांबाची कथा वेगळी, तिथे डोक्यासाठी कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी, लागतेच.

तोडगा असा निघाला. कोपराचा भार वरून खाली येतो. धडकेचा भार बाहेरून आत. मग फासळ्यांची दिशाच बदलायची. गाडीच्या रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या फासळ्या, ज्या धडकेत टेकूसारख्या ताठ उभ्या राहतात, त्या काढून टाकल्या. गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ठेवल्या. त्या कोपर पेलतात, पण बाजूने दाब आला की पत्त्यांसारख्या एकावर एक पडतात. पुढची कड गोल केली. कमरेचा फोमचा ठोकळा नव्या बसण्याच्या उंचीनुसार किंचित खाली आणि जरा जाड केला. काढलेल्या फासळ्यांच्या खाचा मोल्डमध्ये इन्सर्ट घालून बुजवाव्या लागल्या. म्हणजे लोखंड घालणं आलंच. काका पंधरा दिवस माझ्याशी फोनवर फक्त हो-नाही एवढंच बोलत होते.

मानकातली ९५० किलोची ट्रॉली ही फार पूर्वीच्या लहान युरोपीय गाडीची प्रतिमा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. युरोपच्या तारांकन चाचणीत २०२० पासून ट्रॉली १४०० किलोची आणि वेग ताशी ६० आहे. ऊर्जा ९२ किलोज्यूलवरून १९४ वर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. नगर रोडला संध्याकाळी कुठल्याही चौकात उभं राहून आडवं जाणाऱ्या गाड्यांची नाकं किती उंच झालीत ते बघा. फेसलिफ्टवर आम्ही जड ट्रॉलीने एक धडक स्वतःहून दिली. तिचे निकाल या प्रकरणाचा भाग नाहीत.

दुसरी धडक

नव्या आर्मरेस्टच्या चाचणीला आम्ही भोसरीहून काकांना बोलावलं. गेटपासच्या फॉर्मवर ‘भेटीचे कारण’ या रकान्यात सिक्युरिटीने ‘पाहुणे’ लिहिलं, त्यावर आमच्याकडे दोन दिवस विनोद चालले. काका हॉलच्या काचेमागे हाताची घडी घालून उभे राहिले. धडकेच्या आवाजाला दचकले नाहीत. प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. पोट हिरवं आलं, चांगलं खोलवर हिरवं. दार उतरवून टेबलावर ठेवलं, आर्मरेस्ट चपटा झालेला, हिरवा रंग कापडावर हातभर फराटलेला. काकांनी मोडलेल्या फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि एकेक मोजली.

मग त्यांना स्लो मोशनचा व्हिडिओ दाखवला. ट्रॉली येते, काच पांढरी होते, दार फुगून आत येतं, पाहुण्याची कंबर आधी सरकते, मग धड, मान शेवटी. काकांनी तो तीनदा बघितला. चौथ्यांदा थांबवायला लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“साहेब, याला कोपरापासनं पुढं हातच नाहीत.”

नसतात. ईएस-२ ला दंड असतो आणि तो तिथेच संपतो.

“मग आर्मरेस्टवर हात कुणाचा होता?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोडलेला तुकडा पिशवीत घालू लागले. टूलरूममध्ये ठेवायचाय म्हणाले. गेटवर त्या तुकड्यासाठी वेगळा पास करावा लागला.